चार दिवसांची सुट्टी आणि आमचा सत्कार

गेल्या बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी नांदेडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात एक सत्कार झाला. सत्कारमूर्ती होती आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी. एमबीबीएस पूर्ण करून ती एका मोठ्या शहरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या वस्तीतून इथपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, बाबासाहेबांची प्रतिमा देऊन झाली. सात जणांनी भाषणे केली. सर्वांत लांबलेले भाषण आमचेच होते. विद्यार्थीदशेतल्या बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला आम्ही देत होतो आणि इकडे व्यासपीठावरच्या खुर्चीत सत्कारमूर्तीला झोप लागली. मान छातीवर कलली, मांडीवरचा पुष्पगुच्छ खाली घरंगळला. उपासिका हसल्या. "डॉक्टरीणबाई दमल्या," असा कुणीतरी विनोद केला. आम्हीही हसलो आणि आणखी पंधरा मिनिटे बोललो.

त्या हसण्याची आज लाज वाटते. म्हणून हा लेख लिहितो आहोत. तिची परवानगी घेतली आहे. तिचे नाव आणि महाविद्यालय लिहायचे नाही, एवढी एकच अट तिने घातली. ती आम्ही पाळत आहोत.

ती आली ती चार दिवसांच्या सुट्टीवर. आदल्या दिवशी सकाळी ड्युटीवर चढलेली पोर दुसऱ्या दिवशी रात्री उतरली आणि तशीच स्टेशन गाठून गाडीत बसली. घरी पोहोचली तेव्हा बहिणीने पाण्याचा तांब्या हातात दिला, तर तो रिकामा करून ती तिथेच चटईवर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत झोपली. मोबाईल मुठीत धरून झोपली होती. शेजारच्या घरात फोन वाजला तरी दचकून उठायची आणि "हो सर, आले सर" म्हणायची. बहिणीने हे पाहिले. आम्हाला सांगितलेही. आम्ही म्हणालो, "अगं, कामाची सवय आहे ती."

दुसऱ्या दिवसापासून घरात माणसांची रीघ लागली. कुणाचा एक्सरे, कुणाचा शुगरचा रिपोर्ट, कुणाच्या गुडघ्याचे दुखणे. गल्लीतली म्हातारी माणसे आपापल्या गोळ्यांची पाकिटे पदरात बांधून आली. तिने कुणाला परत पाठवले नाही. प्रत्येकाचा कागद वाचला, ज्याला सांगायचे त्याला सांगितले. ही तिची माणसे होती. ज्यांनी तिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी दहा-दहा, वीस-वीस रुपये जमा केले होते, ती ही माणसे. दुपारी दोन पाहुणे लग्नाचे स्थळ घेऊन आले. संध्याकाळी सत्कार. तिसरा दिवस नातेवाइकांकडे जेवणात गेला. चार दिवसांतले तीन असे आम्ही खर्च केले, आणि त्यातला एक तास तरी कुणी तिला विचारले का, की बाई, तू कशी आहेस?

विचारले ते तिच्या आईने. तेही चौथ्या रात्री.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. आईने धुऊन, इस्त्री करून ठेवलेले पांढरे अॅप्रन पलंगावर तसेच पडले होते. बॅग भरायला ती हात लावीना. आम्ही जेवून गच्चीवर बसलो होतो. ती येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "मामा, उद्या गाडी चुकली तर काय होईल?"

वीस वर्षे कोर्टात उलटतपासणी करणारा हा वकील. साक्षीदाराच्या आवाजावरून खोटे ओळखण्याची ऐट मिरवणारा. आणि आमच्या तोंडून उत्तर काय निघाले? "चुकेल कशी? मी येतो ना सोडायला."

बहीण जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "दादा, तू जरा गप बस. लेकराला बोलू दे."

मग ते लेकरू बोलले. दीड तास बोलले.

पहिल्याच आठवड्यात तिला रँक विचारला गेला. रँक विचारणे म्हणजे जात विचारणे, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्यानंतर वॉर्डात तिचे नाव उरले नाही, "कोटा" हेच नाव झाले. वॉर्डातली फाईल, ड्रेसिंग, रक्ताच्या बाटल्या आणण्यासाठी धावाधाव हे सर्व तिच्याकडे. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र तिच्याबरोबरच्या मुलांचे हात धुतले जात आणि तिला रिट्रॅक्टर धरायलाही बोलावले जात नसे. सर्जरी शिकायला गेलेल्या मुलीला सर्जरीपासूनच दूर ठेवायचे, आणि वर्षाच्या शेवटी म्हणायचे की बघा, हिला येत नाही. सुट्टीचा अर्ज तिने तीनदा केला. दोनदा तो सिनियरने वाचून खिशात घातला. तिसऱ्यांदा मिळाली ती या बोलीवर, की सुट्टीआधी दुसऱ्यांच्या ड्युट्याही तिने करायच्या. निघताना सांगितले गेले, "जा, आईकडून लाड करून घे. परत आल्यावर बघू."

हे "परत आल्यावर बघू" ती चार दिवस पोटात घेऊन फिरत होती. सत्काराच्या खुर्चीतही ते तिच्याबरोबर होते.

आम्ही विचारले, "पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुमचा सत्कार ठरला होता ना, मामा."

वाचकहो, या वाक्यावर आम्हाला अजून उत्तर सापडलेले नाही.

त्या रात्री आम्हाला 1901 सालच्या एका सुट्टीची आठवण झाली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत ती लिहून ठेवली आहे. सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातच गोरेगाव येथे दुष्काळी कामाच्या तलावावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावले. नवे कपडे शिवले गेले. घरातली मुले आनंदाने रेल्वेत बसली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. बरोबर खायला होते, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. रात्र भीतीत गेली.

वडील न्यायला का आले नव्हते? कारण मुलांचे पत्र त्यांच्या नोकराकडे आले होते, पण त्याने ते वडिलांना सांगितलेच नाही. पत्र पोहोचले होते, निरोप पोहोचला नव्हता. आम्ही हा प्रसंग जयंतीच्या भाषणात शंभर वेळा सांगितला असेल. स्टेशनमास्तरवर बोललो, गाडीवानावर बोललो. त्या न पोहोचलेल्या निरोपाकडे आमचे लक्ष कधी गेले नाही. आमची भाची चार दिवस निरोप घेऊन घरात वावरत होती आणि तो आमच्यापर्यंत पोहोचू न देणारे आम्हीच होतो. आमची शाल, आमची भाषणे, आमचा अभिमान.

आता थोडे कायद्याचे बोलू. कारण आमच्या मुलांना वाटते की सुट्टी ही सिनियरची मेहेरबानी आहे. तसे नाही. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी सामान्यतः 12 तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याचे काम साधारण 48 तासांचे असावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी किरकोळ रजा, 5 दिवसांची शैक्षणिक रजा आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याला एक सुट्टी सांगितली आहे. कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, हेही त्यातच आहे. याच आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये निवासी डॉक्टरांकडून आठवड्याला 74 तासांहून जास्त काम घेऊ नये, अशी शिफारस केली. 48 वरून शिफारस 74 वर का आली, हे ज्याने सरकारी दवाखान्याचा वॉर्ड रात्री तीन वाजता पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, हा त्रास सर्वच निवासी डॉक्टरांना होतो, त्यात जात कशाला आणता? बरोबर आहे. कामाचा बोजा सर्वांवर आहे आणि त्याविरुद्ध सर्वांनी मिळून लढले पाहिजे. त्या थकलेल्या डॉक्टरच्या हाताखाली सरकारी दवाखान्यात झोपलेला रुग्ण बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. पण बोजा वाटणारा हात कुणाचा आहे, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या घरात आधीच दोन डॉक्टर आहेत, त्याचा काका विभागप्रमुखांना फोन करतो. आमच्या पोरीचा मामा विहारात भाषण करतो. आणि "कोटा" म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आरक्षण दारातून आत घेते. आत गेल्यावर एम.एस.च्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचा निकष सर्वांना एकच आहे. तिथे कुणाला जातीचे गुण मिळत नाहीत.

ही काही एका मुलीची कहाणी नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना कसे वागवले जाते, याची चौकशी डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. 2007 च्या तिच्या अहवालाने वसतिगृहापासून परीक्षेपर्यंतचा भेदभाव उघड केला. बारा वर्षांनी, 22 मे 2019 रोजी, मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी तडवी समाजातली, जळगावची लेक, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी. तिच्या मृत्यूप्रकरणी तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर अॅट्रॉसिटी आणि रॅगिंगविरोधी कायद्यांसह गुन्हा दाखल झाला. आपण आधीच तक्रार केली होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. 2025 उजाडले तरी खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. त्याच 2019 साली पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांतला जातीय भेदभाव रोखण्याचे नियम कागदावरून जमिनीवर आणा, एवढीच त्यांची मागणी. या दोन मायलेकरांच्या कहाण्या आम्ही मोर्चात सांगतो, घोषणा देतो. पण त्याच मे महिन्यात आमच्या गच्चीवर आमची लेक बॅग भरायला हात लावीत नव्हती आणि आम्हाला ते दिसत नव्हते.

त्या रात्री आमच्यातला वकील तेवढा जागा झाला. आम्ही म्हणालो, उद्याच तक्रार टाकू. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. त्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केलीच पाहिजे. तक्रार सकृतदर्शनी खरी निघाली तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून ती पोलिसांकडे पाठवली पाहिजे. हयगय केली तर तो स्वतःच प्रोत्साहन देणारा ठरतो. आणि दहा रुग्णांसमोर, नर्ससमोर जातीवरून अपमान झाला असेल तर तिथे अॅट्रॉसिटी कायद्याचे 3(1)(आर) आणि 3(1)(एस) ही कलमे उभी राहतात.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, केस तुम्ही कोर्टात लढाल. रात्री वॉर्डात मला एकटीला राहायचं आहे. माझ्या थिसिसवर सह्या त्यांच्या आहेत."

आम्ही गप्प झालो. आमच्या चळवळीला लढायची घाई असते आणि ती योग्यच आहे. पण ज्याच्या अंगावर जखम आहे, त्याला विचारल्याशिवाय लढाई जाहीर करण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हे तिने ठरवायचे. आमचे काम तिला एकटी पडू न देण्याचे.

पहाटे दोनपर्यंत बसून आम्ही तिघांनी काही गोष्टी ठरवल्या. इतर घरांना उपयोग होईल म्हणून त्या इथे देतो.

पहिली गोष्ट, एक वही. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, तिथे कोण हजर होते. त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने लिहायचे. कोर्टात आठवण डळमळते, वही उभी राहते. दुसरी, ड्युटीच्या तक्त्याचा आणि ग्रुपवरच्या टोमण्यांचा फोटो काढून लगेच आईच्या मोबाईलवर पाठवायचा. तिसरी, यापुढे सुट्टीचा अर्ज तोंडी नाही. लेखी, दोन प्रतींत, आवक शिक्का मारून. नाकारला तर नाकारल्याचे कारणही लेखी मागायचे. चौथी, त्याच विभागात दुसऱ्या जातीतली एक मुलगी तिच्याशी माणुसकीने वागते. तिला विश्वासात घ्यायचे. सगळे दार बंद असते तेव्हा एखादी खिडकी उघडी असते, तिला दगड मारायचा नाही. पाचवी, महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमाती कक्ष आणि रॅगिंगविरोधी समिती कुठे बसते, तिचे सदस्य कोण, हे गेल्या गेल्या पाहून ठेवायचे. 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाईनचा क्रमांक दोघींच्या मोबाईलमध्ये त्याच रात्री घातला.

सहावी गोष्ट बहिणीने सांगितली. ती आमच्या कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नव्हती. ती म्हणाली, "बाई, डिगरी आली तर चांगलंच आहे. नाही आली तरी चालंल. पण तू यायला पाहिजे. कधीपण ये. रात्री बारा वाजता आलीस तरी दार उघडंय."

पोरगी तेव्हा रडली. चार दिवसांत पहिल्यांदा.

जागा मध्येच सोडली तर भरावी लागणारी बाँडची रक्कम आहे. तीच तिच्या मानेवर बसली होती. आई कर्जात बुडेल, वस्ती काय म्हणेल, मामाची मान खाली जाईल. आम्ही तिला एवढेच सांगितले की तो पैशाचा प्रश्न आहे आणि पैशाचा प्रश्न मोठी माणसे सोडवतील. त्यासाठी मामाचा प्लॉट आहे. सोडायचे ठरवलेस तर तो पराभव समजणाऱ्याशी आम्ही बोलू. राहायचे ठरवलेस तर पाठीशी आहोतच.

सकाळी तिने स्वतः बॅग भरली. अॅप्रन घड्या घालून वर ठेवले. बहिणीने ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पौर्णिमेचे उरलेले लाडू बांधून दिले. स्टेशनवर गाडी हलताना ती दारात उभी राहून म्हणाली, "मामा, वही घेतली आहे."

परत गेल्यावर "बघू" म्हणणाऱ्यांनी बघितलेच. सलग ड्युट्या लागल्या. पण तिने तक्त्याचा फोटो पाठवला. दुसऱ्या आठवड्यात बहीण स्वतः तिकडे गेली, वसतिगृहात दोन दिवस राहिली आणि वॉर्डाच्या बाहेर बाकावर डबा घेऊन बसली. आई बाहेर बसली आहे, हे आत सर्वांना कळले. तिसऱ्या आठवड्यात, त्या दुसऱ्या मुलीला बरोबर घेऊन, तिने विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज दिला. ऑपरेशनच्या यादीत माझे नाव का नसते, एवढाच प्रश्न त्यात होता. प्रत आमच्याकडे आहे, शिक्क्यासह. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. हा लेख लिहीत आहोत तेव्हा ती ड्युटीवर आहे आणि वहीची पाने भरत आहेत.

आता प्रश्न आपला आहे. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, वसतिगृहांचा आग्रह धरला. शिकायला आलेल्या पोराला दोन घास आणि पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होते. आज आमची पोरे त्याहून मोठ्या इमारतींत शिकतात. तिथे त्यांच्या पाठीशी कोण आहे? आरक्षणातून अधिकारी झालेले आमचे बांधव त्याच शहरांत तीन-तीन खोल्यांच्या घरांत राहतात. दवाखान्याजवळ राहणाऱ्या एखाद्याने महिन्यातून एका रविवारी अशा एका लेकराला जेवायला बोलावले तर काय बिघडेल? जिल्ह्याजिल्ह्यातल्या आमच्या वकील मित्रांनी आपल्या भागातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची यादी करून त्यांना आपला नंबर दिला तर किती खर्च येईल?

आणि विहार समित्यांना आमची हात जोडून विनंती आहे. सत्कार जरूर करा. पण लेकरू चार दिवसांच्या सुट्टीवर आले असेल तेव्हा नको. निकाल लागेल तेव्हा करा, पदवी हातात येईल तेव्हा करा, ते दिवस येतील. या चार दिवसांत त्याला झोपू द्या. रिपोर्टांची पाकिटे एका दिवसापुरती घरीच ठेवा. आईच्या हातचे खाऊ द्या. आणि आईबापहो, तिसऱ्या दिवशी, सगळे पाहुणे गेल्यावर, दार लावून जवळ बसा. "अभ्यास कसा चाललाय?" हे विचारू नका, त्याला उत्तर "छान" असेच येते. विचारा, "तिथे तुझ्याशी कसं वागतात?" विचारल्यावर गप्प राहा. "सहन कर, थोडेच दिवस आहेत" हे वाक्य तोंडातून काढू नका. सहन करण्यातच आमच्या पिढ्या गेल्या.

आमच्या भाचीने पुढच्या सुट्टीचा अर्ज दिला आहे. लेखी, दोन प्रतींत. या वेळी विहारात खुर्ची मांडायची नाही, असे समितीच्या बैठकीत ठरले. ठराव आम्हीच मांडला.

जयभीम!